माँटगोमेरी ते सेल्मा: लढ्यामागे बायबल होतं की चर्चची इमारत?

साक्षेपी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याबद्दल आपल्याकडे दोन ठरीव वाक्यं फिरत असतात. एक: 'मार्टिन ल्यूथर किंग पाद्री होते, म्हणजे लढा ख्रिस्ती शिकवणीतून आला.' दुसरं: 'चर्च म्हणजे नुसतं सभागृह, खरं काम वकिलांनी आणि कामगार संघटनांनी केलं.' दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच दोन्ही टिकून आहेत. सरसकट बोलण्यापेक्षा एकेक प्रसंग घेऊ आणि शिकवणीने तिथे नेमकं काय केलं ते बघू.

सुरुवात अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीपासून. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला, गुरुवारी, अटक झाली. पहिली हालचाल कुठल्या पाद्र्याने केलेली नाही. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी त्याच रात्री कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली. कागद पुरावा म्हणून एका पानावर तीन मजकूर बसवले आणि मग पानं कापली. बसवरचा बहिष्कार त्यांच्या महिला मंडळाच्या डोक्यात आधीपासून घोळत होता. पार्क्स यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनयान कामगारांच्या संघटनेतले. पाद्र्यांना फोनही त्यांनीच लावले. म्हणजे ठिणगी चर्चबाहेरची.

सोमवारी, ५ तारखेला, एक दिवसाचा बहिष्कार झाला आणि संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली. २६ वर्षांच्या किंगना भाषणाची तयारी करायला जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती. त्या भाषणातला एक क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपण चुकत असू तर सुप्रीम कोर्ट चुकतंय, मग राज्यघटना चुकतेय, मग देव चुकतोय, आणि मग नासरेथचा येशू म्हणजे नुसता स्वप्नाळू माणूस ठरतो. कोर्टापासून सुरुवात करून येशूपर्यंत. पुढे आमोस संदेष्ट्याचं वचन, न्याय पाण्यासारखा वाहू दे, हेही आलं.

माझं मत सांगून टाकतो: एका दिवसाचा बहिष्कार या शिकवणीशिवायही झाला असता. ३८१ दिवसांचा झाला असता का, याची मला शंका आहे.

टाचणी

धागा चांगला आहे, पण मुळात एक अडचण आहे. बायबल दोन्ही बाजूंच्या हातात होतं.

सदर्न बॅप्टिस्ट पंथ १८४५ साली वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमावं की नाही या भांडणातून. त्याबद्दल जाहीर माफी आली १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथाच्या ९व्या अध्यायातला 'हामचा शाप' (काळे लोक हामचे वंशज, म्हणून गुलामीच्या शापाखाली, ही समजूत) पिढ्यान् पिढ्या गुलामगिरीसाठी वापरला गेला. गंमत अशी की मूळ मजकुरात शाप हामला नाहीच, त्याच्या मुलाला, कनानला आहे. पण ज्याला वचन हवं असतं तो एवढं बारीक वाचत नाही.

त्याहून मासलेवाईक उदाहरण प्रेषितांची कृत्ये १७:२६. वचनाचा पहिला भाग सांगतो की देवाने सगळी राष्ट्रं एकाच रक्ताची केली. दुसरा भाग सांगतो की त्यांच्या वस्तीच्या सीमाही त्यानेच ठरवल्या. लढ्यातले लोक पहिला भाग वाचत, विभाजनवादी दुसरा. बॉब जोन्स या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १७ एप्रिल १९६० ला, ऐन ईस्टरच्या दिवशी, रेडिओवरून याच वचनावर प्रवचन दिलं: वंशांना वेगळं ठेवणं हीच देवाची इच्छा. व्हर्जिनियातले न्यायाधीश लिऑन बेझील यांनी १९६५ साली आंतरवंशीय विवाहाच्या खटल्यात लिहिलं की देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते मिसळू नयेत म्हणूनच. हे प्रवचनात नाही, कोर्टाच्या आदेशात.

एकाच ग्रंथातून दोन्ही बाजू निघत असतील तर 'प्रेरणा ग्रंथाची' म्हणण्यात काय अर्थ?

दूरचादिवा

टाचणी, ग्रंथ एकच असला तरी वाचणाऱ्यांची परंपरा एक नव्हती. १८०७ साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं. त्यातून निर्गमचा बराचसा भाग, म्हणजे मोशेने इस्राएल लोकांना फारोच्या गुलामीतून सोडवल्याची कथाच, काढून टाकली होती. मालकांना कात्री कुठे चालवायची ते बरोबर कळलं होतं. आणि गुलामांनी ऐकून, गाऊन जी कथा उराशी धरली ती नेमकी तीच.

कृष्णवर्णीयांची स्वतंत्र चर्चंही अपमानातूनच उभी राहिली. फिलाडेल्फियात प्रार्थनेच्या वेळी वेगळं बसवलं म्हणून रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, १७९४ साली बेथेल चर्च सुरू झालं आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ झाला. १९६५ साली सेल्मात मतहक्कासाठी निघालेले मोर्चेकरी ज्या ब्राउन चॅपलमधून निघाले ते याच पंथाचं. त्यामुळे 'ख्रिस्ती शिकवण' असं एकवचनी बोलणं इथे फसवं आहे. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनी १८४५ सालीच मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म हे दोन वेगळे असल्याचं लिहून ठेवलंय.

आणि तुम्ही दिलेली तारीख छान आहे. त्याच ईस्टरला, १५ ते १७ एप्रिल १९६० दरम्यान, रॅलेच्या शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची संघटना, एसएनसीसी (स्निक), जन्माला येत होती. तिच्या पहिल्या निवेदनात अहिंसा यहुदी-ख्रिस्ती परंपरेतून आल्याचं आणि प्रेमाने भरलेली न्यायाची समाजव्यवस्था हे ध्येय असल्याचं लिहिलंय. जोन्स रेडिओवर बोलत होते तेव्हा.

वऱ्हाडी_ठेचा

ते निवेदन लिहिणारा माणूस नागपुरात तीन वर्षं राहिलेला होता, हे इथे कुणीतरी सांगायलाच हवं.

जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या सक्तीच्या भरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले, सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट मिशनच्या वतीने नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. शिकवायचे, खेळांचं प्रशिक्षण द्यायचे आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. १९५६ साली परत गेले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये किंग भेटले, आणि शिक्षण पुरं होईपर्यंत थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असं म्हणाले.

दुसरा दुवा त्याहून जुना. मोअरहाऊस कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले आणि किंगचे गुरू बेंजामिन मेज १९३६ च्या शेवटी वर्ध्याला येऊन गांधींना भेटले होते. अहिंसा म्हणजे नुसता सोसणं का, ती मोठ्या जमावाला शिकवता येते का, असं त्यांनी विचारलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ हॉवर्ड थर्मन बारडोलीत गांधींना भेटून गेले होते.

आता मुद्दा. लॉसननी टेनेसीतल्या नॅशव्हिलला जे केलं ते प्रवचन नव्हतं, तालीम होती. १९५९ च्या हिवाळ्याआधी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात वर्ग सुरू झाले. जॉन लुईस, डायान नॅश, बर्नार्ड लाफाएट, जेम्स बेव्हेल हे पुढे चळवळीचे पुढारी झालेले सगळे तिथले. खुर्च्या ओळीने मांडायच्या, तोच गोऱ्यांसाठी राखीव असलेला उपाहारगृहाचा काउंटर. काहींनी गिऱ्हाईक व्हायचं, काहींनी गुंड. गुंड शिव्या देणार, केस ओढणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, खुर्चीवरून खाली पाडणार. पडल्यावर डोकं आणि पोट कसं झाकायचं, एकाला मार बसत असेल तर दुसऱ्याने मध्ये कसं यायचं म्हणजे मार वाटला जातो, मारणाऱ्याच्या नजरेला नजर का द्यायची, याचा सराव. मग भूमिका बदलायच्या. गोऱ्या गुंडाची भूमिका करताना आपल्यालाच किती चेव येतो हे कळणं हाही धड्याचा भाग. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुकानांत जाऊन नुसती चाचणी घेतली: बसायचं, मागायचं, नकार मिळाला की व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलून परत यायचं. १३ फेब्रुवारी १९६० ला खरं धरणं सुरू झालं तेव्हा १२४ जण होते. २७ तारखेला मारहाण झाली आणि ८० च्या वर विद्यार्थ्यांना अटक. अटक झालेली फळी उठली की दुसरी त्याच खुर्च्यांवर बसत होती. हे आधी न ठरवता होत नाही. १० मेला शहरातल्या दुकानांनी काउंटर खुले केले.

मधल्या काळात, मार्चमध्ये, विद्यापीठाने लॉसनना काढून टाकलं. कुठल्या विभागातून? धर्मशास्त्राच्या!

टाचणी

नुसता नाही, नुसतं सोसणं :) बाकी प्रतिसाद उत्तम. पण मग हे तंत्र गांधींचं झालं, येशूचं नाही. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

वऱ्हाडी_ठेचा

लिंगाची चूक मान्य. मुद्दा नाही. किंगनी स्वतःच याची वाटणी करून ठेवलीय: आत्मा आणि प्रेरणा ख्रिस्ताची, पद्धत गांधींची. एक गोष्ट मात्र खरी, पद्धत आयात करावी लागली. बहिष्कार सुरू झाला तेव्हा खुद्द किंगच्या घरात बंदुका होत्या. ३० जानेवारी १९५६ ला त्यांच्या घरावर बॉम्ब पडल्यानंतर ते साहजिकही होतं. फेब्रुवारीत अहिंसेचे जुने कार्यकर्ते बायर्ड रस्टिन आले, मग तसेच ग्लेन स्माइली आले, आणि अहिंसा ही सोय नसून शिस्त आहे हे हळूहळू बसलं. येशूचं डोंगरावरचं प्रवचन किंगना तोंडपाठ होतंच. त्याचा रस्त्यावर वापर कसा करायचा हे ठाऊक नव्हतं.

हिशेबनीस

इथे सगळे वचनांवर बोलतायत, म्हणून मी खर्चाच्या बाजूने लिहितो.

माँटगोमेरीतल्या बसच्या प्रवाशांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. भाडं १० सेंट. पहिल्या दिवसांत टॅक्सीवाल्यांनी त्याच १० सेंटांत लोक नेले. पालिकेने लगेच ४५ सेंटांच्या किमान भाड्याचा नियम दाखवला आणि तो मार्ग बंद. मग किंगनी बॅटन रूजला फोन केला. तिथे जून १९५३ मध्ये रेव्हरंड जेमिसन यांनी छोटा बसबहिष्कार चालवला होता आणि खासगी गाड्यांची व्यवस्था लावली होती. तीच माँटगोमेरीत मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. शहराचे रस्ते पाठ असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या मदतीने नकाशा केला, आणि १३ डिसेंबरपर्यंत सकाळी सोडायची ४८ आणि संध्याकाळी उचलायची ४२ ठिकाणं ठरवून पत्रकं वाटली. सकाळची ठिकाणं बहुतेक चर्चं. ती पहाटे उघडत, थंडीत आत शेगडी पेटलेली असे, लोक बसून गाडीची वाट बघत. सुमारे ३०० गाड्या.

पुढे देणग्यांतून स्टेशनवॅगन घेतल्या आणि त्या एकेका चर्चच्या नावावर नोंदवल्या, दारावर चर्चचं नाव रंगवून. लोक त्यांना 'चाकांवरची चर्चं' म्हणत. तरी गाडं अडायचंच. विमा कंपन्या पॉलिसी रद्द करायच्या, आणि विमा नाही म्हणजे गाडी रस्त्यावर नाही. शेवटी अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटामार्फत लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. फेब्रुवारीत १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८० हून जास्त लोकांवर आरोप ठेवले, त्यांत दोन डझन पाद्री.

आणि पाद्रीच पुढे का? कारण त्यांचा पगार दानपेटीतून येत होता, गोऱ्या मालकाकडून नाही. शाळामास्तराला दुसऱ्या दिवशी काढून टाकता येतं, मोलकरणीला त्याच दिवशी. पाद्र्याला काढायचं तर त्याच्या मंडळीनेच काढायला हवं. जून १९५६ मध्ये अलाबामा राज्याने एनएएसीपीवर (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी देशव्यापी संघटना) बंदी आणली तेव्हा उघडपणे काम करू शकेल अशी संघटना चर्चचीच उरली. अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या पाद्री फ्रेड शटल्सवर्थनी तर बंदीनंतर काही दिवसांतच चर्चमधून नवी संघटना काढली.

मला तरी इमारत, पगार आणि विमा हे तीन घटक वचनांपेक्षा वजनदार वाटतात.

साक्षेपी

हिशेबनीस, ताळेबंद पक्का आहे. पण एक नोंद राहिली. १३ नोव्हेंबर १९५६ ला स्थानिक न्यायाधीशांनी ही गाड्यांची व्यवस्था बेकायदा ठरवून बंद पाडली. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने बसमधलं विभाजन घटनाबाह्य ठरवल्याची बातमी आली, पण आदेश शहरात पोचायला २० डिसेंबर उजाडला. मधला महिनाभर गाडी नाही, विमा नाही. लोक चालत होते. तो महिना तुमच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात टाकायचा?

हिशेबनीस

त्या महिन्याला 'जिंकलोय हे कळलेली माणसं' असा रकाना आहे. :) तरी मान्य, आधीचे ३४५ दिवस तसे नव्हते.

खटला जिंकला तो मात्र चार बायकांच्या नावावर: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, क्लॉडेट कॉल्विन, मेरी लुईस स्मिथ. चर्चने सुरुवातीला मागितलं होतं ते फारच कमी: सभ्य वागणूक, पहिला येईल त्याला जागा (गोरे पुढून, काळे मागून), आणि काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे चालक. विभाजन संपवा ही मागणी त्यात नव्हतीच. ती कोर्टातून आली.

कडूलिंब

काळं चर्च एकमुखाने लढ्यात होतं असा समज या धाग्यावरून होऊ नये. देशातला सर्वांत मोठा कृष्णवर्णीय पंथ, नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, त्याचे अध्यक्ष जे. एच. जॅक्सन थेट कृतीच्या विरोधात होते. कायदा पाळा, स्वतःचे उद्योग उभारा, ही त्यांची भूमिका. १९६१ च्या कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून धक्काबुक्की झाली, एक पाद्री व्यासपीठावरून पडून दगावले. जॅक्सननी किंगना पदावरून काढलं आणि नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीत वेगळी प्रोग्रेसिव्ह कन्व्हेन्शन निघाली. १९६८ मध्ये शिकागोत जॅक्सन यांच्या ऑलिव्हेट चर्चसमोरच्या रस्त्याला किंगचं नाव मिळालं, तेव्हा त्यांनी चर्चचा पत्ताच बाजूच्या ३१व्या रस्त्यावर नेला.

बर्मिंगहॅममध्येही १९६३ साली बहुतेक काळे पाद्री आधी लांबच राहिले. गॅरी मार्क्स या समाजशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये घेतलेल्या मुलाखतींवर १९६७ साली लिहिलं, त्यात धार्मिकता जितकी जास्त तितका लढाऊपणा कमी, असंच चित्र दिसतं. अपवाद त्यांचा, ज्यांचा धर्म परलोकाऐवजी इथल्या जगण्याकडे बघत होता. म्हणजे 'शिकवण' की 'इमारत' हा प्रश्न चुकीचा आहे. कुठली शिकवण, हे विचारा.

टाचणी

कडूलिंब +१. हेच म्हणत होतो.

दूरचादिवा

हे म्हणत नव्हतात, पण असू दे.

किंगचं बर्मिंगहॅमचं पत्र याच जागी वाचायला हवं. १२ एप्रिल १९६३, गुड फ्रायडे. तो दिवस किंगनी स्वतःच्या अटकेसाठी मुद्दाम निवडलेला. ईस्टरचा मोसम म्हणजे कपड्यांच्या खरेदीचा मोसम, त्यामुळे बहिष्काराचा दुकानांना फटकाही जोरात. भक्ती आणि बाजार एकाच तारखेला. तुरुंगातून लिहिलेलं पत्र शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून आहे (सात ख्रिस्ती, एक यहुदी रब्बी), ज्यांनी मोर्चे अवेळी आणि अविचारी ठरवले होते. किंग त्यांना त्यांच्याच शास्त्राने उत्तर देतात: अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे हे ऑगस्टिनचं म्हणणं, त्याला ॲक्वायनसची कसोटी, आणि नबुखद्‌नेस्सराची आज्ञा मोडणारे, बायबलच्या दानीएल ग्रंथातले शद्रख, मेशख, अबेद्‌नगो. हे युक्तिवाद संघटनेच्या पैशातून येत नाहीत, हिशेबनीस. कायदा मोडूनही आपण गुन्हेगार नाही, हे तुरुंगात जाणाऱ्याला स्वतःला पटावं लागतं. चर्चमध्ये वाढलेल्या मजुराला ते दानीएलच्या गोष्टीतून पटत होतं.

मंजिष्ठा

इतक्या प्रतिसादांत पाद्रीच पाद्री. संघटना उभी करणाऱ्या एला बेकर यांचं नाव अजून नाही. किंगच्या एससीएलसी संघटनेचं कार्यालय त्यांनी चालवलं, पण पाद्र्यांच्या मंडळात बाईचं कोण ऐकतो? रॅलेची ती विद्यार्थी परिषद त्यांनीच बोलावली, आणि विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या संघटनेची शाखा न होता स्वतंत्र राहावं हा आग्रहही त्यांचाच. चर्चने पुढारी दिले तसा पुढाऱ्याभोवती फिरायचा रोगही दिला.

दुसरी बाजू फॅनी लू हेमर. ऑगस्ट १९६२, मिसिसिपीतलं रूलव्हिल, विल्यम्स चॅपल. काळ्या माणसाला मतनोंदणीचा हक्क आहे हे त्यांनी वयाच्या ४४व्या वर्षी त्या सभेत पहिल्यांदा ऐकलं. नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेल्या. पुढे बसमध्ये, कोठडीत भजनं म्हणून सोबतच्यांचा धीर राखणं हे त्यांचं ठरलेलं काम. त्या काळी भजनांतले शब्द सर्रास बदलत. एका गाण्यातला 'येशू' काढून 'स्वातंत्र्य' घातलं, चाल तीच. चाल सगळ्यांना येत असल्याने गाणं शिकवायला वेळ लागत नसे.

नवखा_वाचक

बाबासाहेबांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला ना? धर्म सोडला. किंगनी धर्म धरून ठेवला.

साक्षेपी

तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, नक्की काढा. इथे एवढंच: निर्गमची कथा हाताशी असलेल्या माणसाला मालकाचा ग्रंथ मालकावर उलटवता येत होता. बाबासाहेबांच्या मते आपल्या शास्त्रांत तशी जागाच नव्हती. त्यांचं लक्ष अमेरिकेकडे होतं. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. आणि जोतीरावांची 'गुलामगिरी' (१८७३) तर गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच अर्पण केलेली आहे.

हिशेबनीस

माझ्या बाजूविरुद्ध जाणारा एक आकडा मीच देतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरची सिनेटमधली अडवणूक (भाषणं लांबवून मतदान रोखणं) मोडायला दोनतृतीयांश मतं लागत होती, म्हणजे १०० पैकी ६७. दक्षिणेतली मिळणार नव्हती. प्रश्न होता मध्य-पश्चिमेतल्या रिपब्लिकन सिनेटरांचा. त्यांच्या मतदारसंघांत काळे मतदार मूठभर, कामगार संघटना दुबळ्या. तिथे दबाव आणायला एकच जाळं उपयोगाचं होतं: गोरी प्रॉटेस्टंट चर्चं. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसने जून १९६३ मध्येच वंशप्रश्नावर आयोग नेमला होता. मग गावोगाव सभा, प्रवचनं, पत्रांचा मारा. एप्रिल १९६४ पासून प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि यहुदी धर्मशाळांचे विद्यार्थी लिंकन स्मारकापाशी पाळ्या लावून रात्रंदिवस प्रार्थनेला उभे राहिले. १० जूनला मत झालं, ७१ विरुद्ध २९. दक्षिणेच्या गटाचे नेते रिचर्ड रसेल यांनी पाद्र्यांच्या नावाने उघड बोटं मोडली.

आयोवातल्या शेतकऱ्याला ना बसचं भाडं वाचवायचं होतं ना मत मिळवायचं होतं. त्याने पत्र लिहिलं ते रविवारी ऐकलेल्यामुळेच.

टाचणी

हे मात्र बिनतोड. निदान १९६४ पुरतं मी माघार घेतो.

एक शेवटची शंका: बर्मिंगहॅमच्या स्वयंसेवकांकडून प्रतिज्ञापत्र भरून घेत, त्यात दहा नियम होते म्हणे. मग नास्तिकाने काय करायचं?

वऱ्हाडी_ठेचा

नियम होते. पहिला: येशूच्या शिकवणीवर आणि जीवनावर रोज चिंतन करा. दुसरा: आपल्याला न्याय आणि समेट हवाय, विजय नाही, हे विसरू नका. आठवा: हाताची, जिभेची आणि मनाची हिंसा टाळा. दहावा: मोर्चात चळवळीच्या आणि तुकडीच्या प्रमुखाच्या सूचना पाळा. खाली सही, पत्ता, फोन, जवळचा नातेवाईक.

नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांची यादी वेगळी होती. मारलं तरी उलट मारू नका, हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे, दुकानाचं दार आणि आतली वाट अडवू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, हे सगळ्यांत शेवटी.

बर्मिंगहॅमच्या कार्डावर श्रद्धा विचारणारा रकाना नव्हता. मोर्चाला येता येणार नसेल तर दुसरं काय कराल, हे मात्र विचारलं होतं: निरोप पोचवणं, गाडी चालवणं, जेवण रांधणं, टंकलेखन, फोन घेणं, फलक रंगवणं, पत्रकं वाटणं. जे जमेल त्यावर खूण करायची.